आधी मांड, मग कँटर

पत्र:

माझ्या शेतावर दोन जनावरं आहेत. एक सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली ८ वर्षांची मारवाडी घोडी, दुसरा शर्यतीतून निवृत्त झालेला १३ वर्षांचा थरोब्रेड. माझी १५ वर्षांची भाची ७ महिन्यांपासून शनिवार-रविवार घोडीवर शिकते आहे. साधी चाल आणि रायझिंग ट्रॉट (दुडकीच्या ठोक्यांबरोबर खोगिरावरून उठत-बसत जाणं) चांगला जमतो. कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची चाल, मात्र बसत नाही. मी मागून चाबूक दाखवतो, ‘टाच मार, टाच मार’ म्हणून ओरडतो. घोडी दुडकी वाढवत वाढवत नेते आणि मग एकदम उसळून पळते. भाची पुढे झुकते, लगामाला लोंबकळते, रिकीब निसटते. दोनदा पडता पडता वाचली. आता तिला थरोब्रेडवर बसवू का? आणि कँटर शिकवायची नेमकी पद्धत काय?

— एक वाचक, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर:

चाबूक आधी खुंटीला अडकवा. तुमच्या पत्रात जे घडतंय, त्यात भाचीचा वाटा सगळ्यात कमी आहे. तिच्याकडून एकाच क्षणी तीन कामं मागितली जाताहेत: घोडीला कँटर उचलायला सांगायचं, उचलल्यावर त्या झोक्यात बसून राहायचं, आणि वर दिशा नि वेगही सांभाळायचा. तिन्ही कामं तिला नवी. यातलं बसणं पहिलं, आणि ते एकटंच शिकवायचं. मांड बसेपर्यंत बाकीची दोन कामं जमिनीवर उभं राहून तुम्ही करायची. शिवाय पत्र वाचून अशी दाट शंका येते की मुळात घोडीलाच नीट कँटर उचलता येत नसावा. म्हणून आधी तिच्याबद्दल.

घोडीचं आणि घोड्याचं

दुडकी वाढवत नेली की तिचाच कँटर होतो, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. दुडकी दोन ठोक्यांची. तिरके पाय जोडीनं पडतात: डावा पुढचा आणि उजवा मागचा, मग उलट. कँटर तीन ठोक्यांचा. डाव्या हाताला फिरताना पहिला ठोका उजव्या मागच्या पायाचा, दुसरा डावा मागचा आणि उजवा पुढचा यांचा एकत्र, तिसरा डाव्या पुढच्या पायाचा. मग चारही पाय क्षणभर हवेत. डोळे मिटून ऐकलं तर टप-टप-टप आणि एक रिकामी जागा. वेगाचं म्हणाल तर चांगली दुडकी ताशी १२-१३ किलोमीटर भरते, कँटर साधारण १६ ते २५. सावकाश कँटर आणि जोरातली दुडकी यांच्या वेगात फारसं अंतर नसतं, पाय टाकायचा क्रम मात्र पार वेगळा असतो.

पहिला ठोका बाहेरच्या, म्हणजे गोलाच्या बाहेरच्या बाजूच्या, मागच्या पायाचा, हे पक्कं ध्यानात ठेवा. तो पाय पोटाखाली आला आणि त्यावर अंगाचा भार तोलला गेला, की पुढचा भाग हलका होतो आणि कँटर उचलला जातो. मागून चाबूक दाखवून दुडकी पळवली की नेमकं उलट होतं. अंग लांब पडतं, भार खांद्यांवर जातो, मागचे पाय मागेच रेंगाळतात. तोल जाईपर्यंत घोडी दुडकत राहते आणि मग धडपडत कँटरमध्ये पडते. तुम्ही तिला उसळणं म्हणता ते हेच. त्यात चाबकाला दचकून ती पुढे झेपावली की नवखा स्वार मागे राहतो, तोल सावरायला लगामाला धरतो आणि हिसका तिच्या तोंडाला बसतो. टाच सांगते चल, लगाम सांगतो थांब. असं चार-सहा वेळा झालं की कँटरची खूण मिळताच डोकं वर करून पळायचं, एवढंच घोडी शिकते.

आता सारंगखेड्याची गोष्ट. त्या बाजारात रेवाल चालीला मोठा मान आहे आणि मारवाडी जातीत ही चाल पुष्कळदा उपजतच असते. रेवालमध्ये एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय जवळपास बरोबरीनं पडतो, त्यामुळे वर बसलेल्याला धक्के लागत नाहीत. तुमची घोडी ‘दुडकी वाढवत नेते’ तेव्हा ती खरंच दुडकते की रेवालात शिरते, हे बाजूनं मोबाइलवर चित्रण करून संथ गतीत पाहा. दुसरी खूण भाचीच देईल. रायझिंग ट्रॉटमध्ये वर उठायला जो झटका मिळतो तो अचानक नाहीसा झाला, ‘मामा, आता एकदम मऊ लागतंय’ असं ती म्हणाली, तर रेवाल सुरू झाली समजा. एका बाजूचे पाय जोडीनं टाकणाऱ्या जनावराला तिथूनच तिरक्या जोडीचा कँटर उचलणं फार जड जातं. चार ठोक्यांचं काहीतरी विस्कटलेलं निघतं, आणि त्यावर मुरलेल्या स्वारालाही नीट बसता येत नाही.

यावर उपाय वाशांचा. चार ते सहा लाकडी वासे एकमेकांपासून १.२ ते १.३ मीटरवर जमिनीवर आडवे मांडा आणि त्यांवरून दुडकी करून घ्या. घोडीच्या पावलाप्रमाणे अंतर थोडं कमी-जास्त करावं लागेल. खूर दोन वाशांच्या मधोमध पडला पाहिजे. वासे ओलांडायला पाय उचलावे लागतात आणि बहुतेक जनावरांची जोडी आपोआप तिरकी होते. बांबू वापरू नका. तो हलका असतो, खूर लागला की घरंगळतो आणि पुढच्याच पावलाखाली येतो. जड वासा घ्या आणि त्याच्या टोकांना वाळूची अर्धी पोती टेकवा. वाशांतून बाहेर पडल्यावर दुडकी नीट असते, त्या दहा-बारा पावलांत कँटर मागायचा. हे काम जाणत्या स्वाराचं आहे, भाचीचं नाही, आणि त्याला काही आठवडे लागतील.

थरोब्रेडवर बसवू का, तर तपासल्याशिवाय नाही. शर्यतीच्या घोड्याला कँटर शिकवावा लागत नाही, त्याचा कँटर मोकळा आणि तालातला असतो. अडचण येते ती थांबण्याची. जॉकी रिकिबी आखूड ठेवून पुढे ओणवा होतो आणि लगाम आखडून धरतो. घोडा बिटवर, म्हणजे लगामाच्या तोंडातल्या सळईवर, भार टाकतो आणि त्याच आधारानं पळतो. नवखं माणूस घाबरलं की हुबेहूब हेच करतं. पुढे झुकतं आणि लगाम आवळतं. घोड्याच्या लेखी ती ‘निघ’ अशी खूण. शिवाय जॉकीचे पाय वर असतात, त्यामुळे पोटालगत लोंबणाऱ्या पायाची सवय अशा घोड्यांना मुद्दाम लावावी लागते. तुमच्या घोड्याला निवृत्तीनंतर कुणी साधी स्वारी शिकवली आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं.

तपासायची रीत अशी. तुम्ही किंवा दुसरा जाणता स्वार दोन्ही जनावरांवर आळीपाळीनं बसा. २० मीटर व्यासाच्या गोलात दोन्ही हातांना तीन-तीन फेऱ्या कँटर करा. मग लगाम न ओढता, नुसता आवाज देऊन आणि ताठ बसून, अर्ध्या फेरीत दुडकीवर आणि पुढच्या अर्ध्या फेरीत चालीवर यायला हवं. मग एकदा लगाम मुद्दाम सैल सोडा, एकदा मुद्दाम थोडं डळमळत बसा. वेग वाढला तर तो घोडा नवख्यासाठी अजून तयार नाही. जे जनावर पास होईल त्यावर भाची. दोन्ही नापास झाली तर हट्ट धरू नका; एखाद्या रायडिंग स्कूलमधल्या मुरलेल्या घोड्यावर तिचे सहा-आठ धडे करून आणा. खर्च होईल, पण शिकाऊ घोडा आणि शिकाऊ स्वार यांची जोडी कँटरसाठी लावणं हे मोडलेल्या हाताला आमंत्रण आहे.

जाता जाता वजनाचं. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा सर्वसाधारण नियम पाळतात. ३५० किलोची मारवाडी घोडी असेल तर खोगिरासकट ७० किलो. भाचीची काळजी नाही. घोडी तपासायला तुम्ही स्वतः चढणार असाल तर आधी काट्यावर उभे राहा.

बसण्याआधी

गोल आखायला १० मीटरची दोरी, मधे खुंटी आणि खो-खोच्या मैदानाला टाकतात ती फक्की पुरते. नवख्यासाठी गोल यापेक्षा लहान नको. लहान गोलात घोड्याला तोल सांभाळायला आत कलावं लागतं, मग स्वारही आत कलतो आणि दोघं मिळून घसरतात. जमीन सपाट हवी. तुमच्याकडची काळी माती पावसाळ्यात निसरडी होते आणि चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात. दोन्ही वेळी तिच्यावर कँटर नको. मुरूम दाबलेली जागा सांध्यांना कडक जाते. सगळ्यात बरी बेताच्या वाळूची, खूर थोडा रुतेल एवढीच. घोट्यापर्यंत वाळू असेल तर पायाच्या शिरा ताणल्या जातात. निदान एका बाजूला कुंपण असू द्या, पण काटेरी तारेचं नाही.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. क्रिकेटचं किंवा सायकलचं चालत नाही. पडण्याची उंची, दिशा आणि खुराचा मार, सगळंच वेगळं. आत एएसटीएम एफ ११६३ किंवा पास ०१५ असं मानक छापलेलं आहे का पाहा. डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट बाद, वरून तडा दिसो न दिसो. बुटाला दीड-दोन सेंटिमीटर टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला स्वार फरफटतो. बूट घालून रिकिबीच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरभर जागा उरली पाहिजे. रिकिबीचा पट्टा मोजायला बोटांची टोकं वरच्या कडीला टेकवून हात सरळ करा, रिकीब काखेत यावी. मग बसल्यावर बघून एखादं भोक इकडेतिकडे.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, दोनदा आवळायचा. एकदा चढण्याआधी आणि पुन्हा दहा मिनिटं चालवल्यावर. खोगीर चढवताना पोट फुगवून ठेवणारी घोडी नवी नाही. कँटरच्या पहिल्याच वळणावर खोगीर फिरलं तर त्या क्षणी दुसरा काही इलाज नसतो.

आणि मानेत एक पट्टा. रिकिबीचा जुना पट्टा मानेभोवती सैल बांधला की झालं. या पट्ट्याला धरणं कमीपणाचं आहे असं भाचीला वाटू देऊ नका. घोडीच्या तोंडापेक्षा पट्टा ओढलेला केव्हाही बरा.

भाचीची तयारी चार गोष्टींवर जोखा. रायझिंग ट्रॉट दोन्ही हातांना, डायगोनल न चुकता, म्हणजे बाहेरचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं. रिकिबी सोडून बसल्या दुडकीत एक पूर्ण गोल, पट्टा धरून चालेल, पण गुडघे न आवळता. हाफ सीट, म्हणजे बूड खोगिरावरून किंचित उचलून भार टाचांतून खाली सोडायचा. यात दुडकीच्या दोन फेऱ्या, मधे न आपटता. आणि ठरवलेल्या खुणेपाशी दुडकीतून चालीवर येणं, दहातून नऊ वेळा. सात महिने शनिवार-रविवार म्हणजे फार तर पन्नास-साठ बैठका. यांतली एखादी गोष्ट कच्ची निघाली तर नवल नाही. बहुधा रिकिबीविना बसणं कच्चं निघतं. ते पक्कं होईपर्यंत कँटरचा विषय काढू नका.

दोरीवर

पहिला कँटर लंजवर, म्हणजे लांब दोरीवर. दोरी ८ मीटरची घ्या. मधे खुंट्यासारखं उभं न राहता तुम्ही स्वतःही लहान गोलात चालत राहिलात की घोडा २० मीटरचा गोल पुरा करतो. दोरी कॅव्हेसनला (नाकावर कडी असलेली लंजची मोहरकी) किंवा लगामावरून चढवलेल्या मोहरकीला बांधा, बिटच्या कडीला नको; एक हिसका गेला की तोंड दुखावतं. हातात मोजे घाला. दोरीचे वेढे हाताभोवती कधीही गुंडाळू नका, घड्या करून तळव्यात धरा. घोडा उधळला तर घडी सुटते, वेढा बोटं घेऊन जातो. मोकळ्या लगामाला गाठ मारून तो मानेवर ठेवा, लोंबता कामा नये.

आधी स्वाराविना दोन्ही हातांना पाच-सात मिनिटं. तुमच्या शब्दावर घोडा कँटर उचलतो आणि तुमच्या शब्दावर उतरतो, हे पाहिल्यावरच भाचीला बसवा. शब्द दोनच ठेवा. ‘कँ-टर’ चढत्या सुरात आणि ‘हो-ओ’ उतरत्या सुरात. ओरडण्यानं घोड्याला काही जास्त कळत नाही. तो सूर ऐकतो.

पहिल्या दिवशी मोजून चार ते सहा पावलं कँटर, मग दुडकी. पूर्ण फेरी नाही. घोड्याला जो हात सोपा आहे तिकडूनच सुरुवात करा. असं एका हाताला पाच वेळा, मधे चालीवर दोन मिनिटं विश्रांती, मग दुसऱ्या हाताला. सगळा मिळून कँटर पाच मिनिटांच्या वर जाऊ नये. नवख्याचे मांडीचे आणि कमरेचे स्नायू त्यापुढे थकतात, आणि थकल्यावर शरीर आवळून धरतं. पडणं बहुतेक वेळा ‘आता शेवटचा एक’ म्हटल्यावर घडतं.

बसायचं कसं हे तिला झोपाळ्यावरून सांगा. झोपाळ्यावर झोका घेताना खांदे फारसे हलत नाहीत, कंबर पुढे-मागे होते आणि बूड फळीवरून उठत नाही. कँटरचा झोका तसाच आहे. पाठीचा खालचा भाग सैल, खांदे कमरेच्या वर, नजर घोड्याच्या कानांच्या मधून पुढे. बाहेरचा हात मानेतल्या पट्ट्याला, आतला हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्याखाली घालून थोडा वर ओढायचा. हात वर ओढला की बूड आपोआप खाली बसतं. करून पाहा, खुर्चीची कड धरूनही कळतं.

उसळून आपटण्याचं खरं कारण गुडघे. भीती वाटली की स्वार गुडघे आवळतो. गुडघे आवळले की चिमट्यात धरलेल्या साबणासारखं बूड वर सरकतं, पोटरी मागे जाते, टाच वर होते आणि रिकीब निसटते. मागे गेलेली टाच घोड्याच्या पोटाला लागते. घोड्याला वाटतं, आणखी जोरात जायचं आहे. तो वेग वाढवतो, स्वार आणखी आवळतो. हे चक्र कुठेतरी तोडायचं, तर सगळ्यात सोपी जागा श्वासाची आहे. भाचीला मोठ्यानं मोजायला सांगा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, घोड्याच्या ठोक्यांबरोबर. बोलताना श्वास कोंडता येत नाही, आणि श्वास मोकळा असेल तर कंबरही फार वेळ आवळलेली राहत नाही. वर कँटरचा ताल तिच्या अंगात भिनतो. नंतर लीड, म्हणजे कोणता पुढचा पाय जास्त पुढे पडतो ते, ओळखायला तो उपयोगी पडणार आहे.

तरीही ती आपटत असेल तर घोड्याच्या पाठीवर धपाधप बसू देऊ नका. हाफ सीटमध्ये उठवा, आयाळीची मूठ धरायला सांगा आणि तसाच कँटर करून घ्या. काही शिक्षक पहिल्यापासूनच हाफ सीटमध्ये शिकवतात. आमचा कल आधी बसून शिकवण्याकडे आहे, कारण हाफ सीटमध्ये तोल गेला तर माणूस पुढे जातो. पण घोड्याची पाठ दुखवून बसणं शिकवण्यापेक्षा हाफ सीट शंभर वेळा बरी.

‘टाचा खाली’ असं सतत ओरडू नका. त्यानं पोर पाय पुढे ढकलते, रिकिबीवर कडक उभी राहते आणि कंबर पुन्हा ताठते. ‘घोटा सैल, भार खाली’ म्हणा. एका वेळी एकच सूचना, आणि ती कँटर सुरू होण्याआधी. चाललेल्या कँटरमध्ये फार तर ‘मोज’ किंवा ‘वर बघ’.

उतरताना जास्त जपा. कँटर मोडून दुडकी लागते ती पहिली चार-पाच पावलं मोठी आणि धक्क्यांची असतात, आणि ‘सुटलो बुवा’ म्हणून स्वार नेमका तेव्हाच ढिला पडून पुढे जातो. उतरण्याआधी तिनं खांदे मागे घ्यायचे, लांब श्वास सोडायचा आणि कमरेचा झोका थांबवायचा. दुडकी लागताच रायझिंग सुरू. हा भाग पट्टा धरून दहा-वीस वेळा घोटून घ्या.

दोरी सोडल्यावर

लंजवर दोन्ही हातांना दोन-दोन फेऱ्या पट्टा सोडून, हात मांड्यांवर ठेवून बसता आलं, की कँटरची खूण भाचीच्या हाती द्यायची. शनिवार-रविवारच्या हिशेबानं याला महिना-दीड महिना सहज लागतो. पहिल्या एक-दोन वेळा खूण तिची आणि आवाज तुमचा, दोन्ही एकत्र. मग आवाज बंद, दोरी अजून लावलेली. मग दोरीही काढा.

खूण अशी. गोलावर नेहमीची दुडकी, रायझिंग सोडून खाली बसायचं. घोड्याचं नाक किंचित आत, आतल्या डोळ्याची कड वरून दिसेल एवढंच. बाहेरचा लगाम क्षणभर मुठीत दाबून सोडायचा, म्हणजे घोडा सावध होतो. आतला पाय तंगापाशी, बाहेरचा पाय चार बोटं मागे सरकवून हलकाच दाब. मागे का, तर कँटरचा पहिला ठोका बाहेरच्या मागच्या पायाचा असतो, हे वर आलंच आहे. तिथे दिलेली खूण घोड्याला कळायला सोपी जाते. आतल्या बाजूचं कमरेचं हाड किंचित पुढे. आणि ज्या क्षणी घोडा उचलतो त्या क्षणी हात दोन बोटं पुढे सोडायचे. नवखे इथेच चुकतात. पाय बरोबर लावतात आणि हात घट्ट ठेवतात. दार बंद ठेवून ‘या, बसा’ म्हणण्यातला प्रकार.

खूण कुंपणाकडे वळताना, कोपऱ्यात द्या. तिथे घोडा आपसूक वळलेला असतो, त्यामुळे बरोबर लीड येण्याची शक्यता वाढते, आणि पुढे कुंपण दिसत असल्यानं तो सुसाटतही नाही. तीन-चार पावलांत कँटर आला नाही आणि दुडकीच वाढू लागली, तर मागे लागायचं नाही. दुडकी पुन्हा सावकाश करा, गरज पडली तर चालीवर या, अर्धी फेरी नीट काढा आणि परत मागा. दुसऱ्यांदा पाय थोडा स्पष्ट. वाढलेल्या दुडकीतून कँटर कधीच घ्यायचा नाही, एवढा एक नियम तुम्ही पाळलात तरी घोडीची निम्मी खोड जाईल.

डाव्या हाताला फिरताना डावा पुढचा पाय जास्त पुढे पडला पाहिजे. तो डावा लीड. भाचीनं तो खाली वाकून पाहायचा नाही, वाकली की भार त्याच खांद्यावर येतो. नुसती नजर खाली टाकून कोणता खांदा पुढे झेपावतो ते पाहायचं. लीड चुकला तर रागावू नका, चाबूक तर नकोच. दुडकीवर या आणि पुढच्या कोपऱ्यात पुन्हा मागा. चूक बहुधा स्वाराच्या आत कलण्याची असते. आतली बाजू भारानं अडकली की घोडा बाहेरच्या बाजूनं उचलतो. कधी पुढचे पाय एका लीडवर आणि मागचे दुसऱ्यावर असाही प्रकार होतो. बसणाऱ्याला कंबर उखळात घातल्यासारखी वाटते. लगेच दुडकीवर आणा. एकाच हाताला सारखा लीड चुकत असेल किंवा पाय असे फाटत असतील तर शिक्षण थांबवून पशुवैद्याला आणि नालबंदाला दाखवा. पाठीचं, मागच्या सांध्याचं किंवा खोगिराच्या चिमटण्याचं दुखणं पहिल्यांदा इथेच उघडं पडतं.

थांबवण्याची तालीम दोरी सोडण्याआधीच झालेली हवी, चालीवर आणि दुडकीवर. दोन्ही हातांनी सतत ओढत राहायचं नाही. घोडा त्या ओढीवर रेलतो आणि थरोब्रेड तर त्यावर खूश होतो. ओढ-सोड, ओढ-सोड करायची. नाहीच ऐकलं तर एक मूठ आयाळीत रोवायची, दुसऱ्या लगामानं गोलावर घ्यायचं आणि गोल हळूहळू लहान करत न्यायचा. भर वेगात मान एकदम एका बाजूला खेचली तर घोडा आडवा पडू शकतो, म्हणून हळूहळूच. अशा वेळी तुम्ही काय करायचं? मधे उभं राहायचं, शांत आवाजात ‘वर बस, गोल घे’ एवढंच म्हणायचं. मागे धावलात तर घोडा पळतोच. रिंगणात दुसरं जनावर असेल तर ते आधी थांबवा.

पडली आणि डोक्याला मार लागला असेल, उलटी, गुंगी, विसरल्यासारखं बोलणं, काहीही दिसलं, तर डॉक्टर. ‘लगेच पुन्हा बस म्हणजे भीती जाते’ हा उपदेश त्या दिवशी लागू नाही.

धडा ४०-४५ मिनिटांचा पुरे. पंधरा मिनिटं चाल-दुडकी, मधली वीस मिनिटं कँटरचे तुकडे आणि विश्रांती, शेवटची दहा लांब लगामावर नुसती चाल. तंग एक भोक सैल करून घोडा चालवा, श्वास खाली आला की पाणी द्या. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपा.

मोकळ्या शेतावर कँटर इतक्यात नाही. रिंगणात दोन्ही हातांना बरोबर लीडवर उचलणं आणि सांगितल्या जागी उतरणं महिनाभर चुकलं नाही, तर पहिल्यांदा हलक्या चढावर घ्या. चढ घोड्याला आपोआप आवरतो. तुम्ही दुसऱ्या जनावरावर पुढे राहा आणि तुमचा वेग सावकाशच ठेवा. पुढचा पळाला की मागचा पळतोच. तबेल्याकडे तोंड असताना कँटर कधीही नको, आणि घरी येतानाचा शेवटचा अर्धा किलोमीटर नेहमी चालीवरच.